सातव्या गलबतावरची संदेशक

औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचं वाक्य मध्येच तोडू नये, एवढी साधी गोष्ट गिऱ्हाइकांच्या गळी उतरवायला ठकूला बरीच वर्षं लागली. ती चिठ्ठी वाचायची, मागच्या कप्प्यातून डबी काढायची आणि सांगायला लागायची, "ही गोळी जे... जे... जे..." की समोरचा माणूस मदतीला धावलाच म्हणून समजा. "जेवणाआधी! कळलं, कळलं!" पिशवी उचलून तो चालायलाही लागायचा. मग ठकू फळीखालून वाकून बाहेर यायची, त्याला दारात गाठायची आणि शांतपणे सांगायची, "जे-जेवणानंतर." एकदा असा दारात गाठलेला माणूस पुढच्या खेपेला तोंडाला कुलूप लावून उभा राहायचा.

ठकू लहानपणापासून अशीच बोलायची. शब्द तिच्या मनात तयार असायचा, घडी घालून, इस्त्री करून. फक्त ओठांपर्यंत येऊन उंबऱ्यावरच बसकण मारायचा. घरच्यांनी सगळे उपाय करून पाहिले. मध चाटवला, श्वासाचे व्यायाम झाले, आरशासमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं. त्यातून ठकूला वाचनाची गोडी तेवढी लागली, बोलणं होतं तिथंच राहिलं. शिक्षण संपवून ती या दुकानात नोकरी मागायला आली तेव्हा मालकीणबाईंनी तिला जरा ऐकून घेतलं आणि मायेनं म्हणाल्या, "मागे गोदामात बसशील का? तिथं कुणाशी बोलायला नको." ठकू म्हणाली, "ना-नाही. का... का... काउंटर." शब्द दोनच, पण ते बाहेर येईपर्यंत मालकीणबाईंनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. तिला काउंटर मिळालं. तेव्हापासून ती तिथंच होती आणि दिवसभर बोलत होती.

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई गेल्यापासून बाबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. हयातभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. मोठमोठ्या इमारतींत अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं, गंजलेल्या तारा बदलल्या, दारं सरळ केली. आता निवृत्त झाले तरी बोटांना चैन नव्हतं. घरातला एकही स्क्रू ढिला राहत नसे, आणि एकही गोष्ट त्यांच्या टीकेवाचून सुटत नसे.

रविवारी संध्याकाळी दोघं मिळून 'सातवं गलबत' बघायची. टीव्हीवरची ती मालिका ठकूचा जीव की प्राण होती. पृथ्वीवरून निघालेल्या ताफ्यातली सहा गलबतं वाटेत नाहीशी होतात आणि सातवं ताऱ्यांमधून त्यांना शोधत फिरतं, अशी ती गोष्ट. बाबांना त्यातलं अंतराळ फारसं कळत नसे, पण दारं बरोबर दिसत.

"ही दारं जवळ गेलं की फटकन उघडतात," ते दर आठवड्याला म्हणायचे. "देखभालीला माणूस दाखवलाय का एक तरी? कुणी पाना घेऊन वाकलेला दिसतो का? नाही! मग चालतात कशी?"

"भ-भविष्यकाळ आहे, बाबा."

"भविष्यकाळात काय गंज चढत नाही?"

ज्या भागानं सगळा घोळ घातला, तो त्या मोसमातला शेवटून दुसरा. पहिल्याच दृश्यात गलबतावर नवी संदेशक आली. इतर यानांशी, ठाण्यांशी, अनोळखी ग्रहांशी बोलायचं ते तिचं काम. ती कानाला यंत्र लावून बसली, कप्तानबाईंनी विचारलं, "काय म्हणतंय ठाणं?" आणि संदेशक म्हणाली, "ते... ते म्ह... म्ह... म्हणतायत..."

ठकूच्या हातातला कप हातातच राहिला.

पडद्यावर कुणी हसलं नाही. कुणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. कप्तानबाई खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभ्या राहिल्या, जशा त्या इतर कुणाचंही ऐकताना उभ्या राहायच्या, आणि वाक्य संपल्यावर म्हणाल्या, "ठीक. त्यांना सांग, आम्ही येतोय." बस, एवढंच. इतकी वर्षं ठकू या गलबताबरोबर फिरत होती, पण त्यावर आपल्याला बसायला जागा आहे हे आज पहिल्यांदाच कळलं.

मग शेवट आला. ठाण्यावरच्या तोफा गलबताकडे वळल्या, कप्तानबाई जखमी होऊन पडल्या, आणि आता हाक द्यायची ती एकट्या संदेशकानं. तिनं डोळे मिटले. संगीत चढलं. कप्तानबाई जमिनीवरून कुजबुजल्या, "घाबरू नकोस." संदेशकानं डोळे उघडले आणि बोलायला लागली. घडाघडा. एकही अडखळा नाही, नळाला पाणी यावं तसं. सगळं ठाणं तिचं भाषण ऐकत राहिलं, तोफा खाली वळल्या आणि गलबत वाचलं.

बाबा रडत होते. "बघितलंस?" ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले. "बघितलंस, ठकू? सुटली तिची जीभ! मनावर घेतलं आणि सुटली बघ!"

ठकूनं दोन्ही कप उचलले आणि ती आत जाऊन ते बराच वेळ विसळत राहिली.

'सातव्या गलबता'च्या चाहत्यांचा फोनवर एक कट्टा होता. तिथले सगळे स्वतःला खलाशी म्हणवत, आणि त्यांचा म्होरक्या होता तांडेल. खऱ्या आयुष्यात त्याची बेकरी होती, पण कट्ट्यावर तो तांडेलच. ठकूचं तिथलं नाव होतं चिमटा. प्रत्येक भागावर ती लिहायची आणि असं लिहायची की ज्याला लागायचं त्याला लागायचंच. चिमट्यानं काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय खलाशांना भाग बघितल्यासारखा वाटत नसे. ती कशी बोलते हे मात्र त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तिनं ते लपवलं होतं असं नाही. जगात एखादी जागा अशी असावी जिथं माणसं आपल्या तोंडाकडे न बघता आपलं म्हणणं ऐकतात, एवढीच तिची हौस.

त्या रविवारी ती बाह्या सरसावून कट्ट्यावर आली. तिला वाटलं होतं, लोक नाकं मुरडतील. "संदेशक तोतरी? मग आचारी आंधळा ठेवा आणि पहारेकरी बहिरा!" असं लिहिणारे दोनचार निघालेही. पण बाकीच्यांनी त्यांचा परस्पर समाचार घेतला. बाकी सगळा कट्टा आनंदानं न्हाऊन निघाला होता. 'काय तो शेवट!' 'अखेर अशा माणसांना कुणीतरी पडद्यावर आणलं!' 'हिंमत केली की काहीही जमतं, हे असं दाखवायला हवं.' तांडेलानं लिहिलं होतं, 'मी भट्टीसमोर उभा राहून रडलो. पाव जळले.'

म्हणजे ज्यांच्याशी भांडायच्या तयारीनं ती आली होती ते आपल्या बाजूचे निघाले, आणि आता भांडायचं ते कौतुक करणाऱ्यांशी. ठकूनं जरा विचार केला आणि लिहिलं:

'पहिलं दृश्य सोन्याचं, शेवटचं पितळेचं. अडखळणारी माणसं घाबरट असतात म्हणून अडखळत नाहीत. या बाईनं आयुष्यभर अडखळत बोलून संदेशकाचं काम मिळवलं, हिंमत तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. तिला शूर दाखवायचं म्हणून तिचं बोलणंच काढून घेतलं. मग गलबत वाचवलं कुणी? आपल्या संदेशकानं नाहीच. तिच्या जागी बसलेल्या दुसऱ्याच कुणीतरी.'

कट्टा खवळला. 'चिमट्याला आनंदात मिठाचा खडा टाकल्याशिवाय झोप येत नाही.' 'माझा आतेभाऊ तसा बोलतो, त्याला आवडलं. तुला काय कळणार त्यांचं दुःख?' कुणा एकीनं तर समजुतीच्या सुरात लिहिलं, 'ताई, ज्यांचा हा विषय आहे त्यांना बोलू द्या ना.'

हे वाचून ठकू एकटीच खो खो हसली. हसता हसता तिला जरा रागही आला.

शेवटी तांडेलानं मध्ये पडून लिहिलं, 'मोसम संपतोय. वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांनी जमू. चिमटा, तू लिहून फार बोलतेस. एकदा समोर येऊन बोल.'

ठकूनं लिहिलं, 'येते.'

मधल्या दिवसांत घरात एक प्रसंग घडला. ठकू दुकानातून आली तेव्हा बाबा आत्याशी फोनवर बोलत होते. पाठ दाराकडे, आवाज नेहमीसारखा चढा, कारण आत्या दूर राहायची आणि अंतराप्रमाणे आवाज चढवायचा असतो असं बाबांचं मत होतं. "अगं, अगदी आपल्या ठकूसारखी! आणि शेवटी अशी बोलायला लागली म्हणतेस! मला तर वाटतं, आपल्या पोरीचाही असाच एखादा दिवस येईल. मी आशा सोडलेली नाही."

फोन ठेवून ते वळले, तर ठकू समोर.

"बाबा," ती म्हणाली, "क... क... क..."

बाबांचे ओठ हलले. सवयच होती ती. ते म्हणाले, "कधी आलात? आत्ताच आलो बघ मी पण बाजारातून..."

"मी 'क-कधी आलात' म्हणत नव्हते. मी म्हणत होते, को... कोणाची वाट बघताय तुम्ही?"

"म्हणजे?"

"तो दि-दिवस. येईल म्हणालात. त्या दिवशी को... कोण येणारे घरात? मी तर आ-आत्ताच आहे."

बाबा गोंधळले. "अगं, बाप आहे मी. तुझं चांगलं व्हावं असं वाटणारच ना! त्यात वाईट काय?"

"वा-वाईट नाही. पण मी बोलते, बाबा. रो... रोज बोलते. दिवसभर. अर्ध्या गा-गावाला मी औषधं समजावते. आणि तुम्ही अजून मी बो... बोलायला लागायची वाट बघताय."

बाबा आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कपाटाची बिजागरी घट्ट केल्याचा आवाज यायला लागला, आणि ती बिजागरी काही ढिली नव्हती. रात्री जेवताना ते वाढत राहिले, ती जेवत राहिली. उठताना त्यांनी विचारलं, "त्या सभेला बाहेरच्या माणसाला येऊ देतात का?"

"दे-देतात."

"मग मी येतो."

सभागृह भरलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते. कुणी गलबताच्या गणवेशातले, कुणी कामावरून तसेच आलेले. तांडेल अंगानं थोराड, पण बोलायला अगदी मऊ. दंडावर पीठ तसंच होतं. त्यानं बेकरीतून खोकं भरून बिस्किटं आणली होती, गलबताच्या आकाराची, म्हणजे तसं त्याचं म्हणणं होतं. बाबा मागच्या रांगेत बसले आणि सभागृहाच्या दाराकडे बघून शेजारच्याला म्हणाले, "कुरकुरतंय. तेल नाही घातलेलं."

तांडेलानं नाव पुकारलं, "चिमटा!" टाळ्या पडल्या, दोनचार शिट्ट्याही, आणि काही "हूऽऽ"ही. ठकू पुढे गेली. माईक हातात घेतला.

"मी... मी... मी च... च... च..."

सभागृहात हशा पिकला. खलाशांना वाटलं, काय झक्क नक्कल केलीय! चिमटाच ती, संदेशकाची फिरकी घेणार नाही तर कोण? पुढच्या रांगेतला एक जण तर टाळी देण्यासाठी उठलाच.

ठकू थांबली नाही. "...चिमटा," ती म्हणाली. "आणि ही न... न... नक्कल नाही."

हशा खाडकन थांबला. उठलेला माणूस हळूच खाली बसला. जिनं 'ज्यांचा विषय आहे त्यांना बोलू द्या' असं लिहिलं होतं, तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठकूला तिची दया आली, जराशी मजाही वाटली.

"मी औ-औषधांच्या दुकानात काम करते," ठकू म्हणाली. "माझं वा... वाक्य मध्येच पुरं करणाऱ्याला औषध चु... चु..."

"चुकीचं मिळतं," खिडकीतून कुणीतरी मदत केली.

"चु-चुकवता येत नाही," ठकू म्हणाली. "मी त्याला दा... दारात गाठते."

आता जो हशा झाला तो वेगळा होता. खिडकीतल्यानं कान पकडले. आणि त्यानंतर संपूर्ण सभागृहात एकानंही तिच्या तोंडातला शब्द काढून घेतला नाही.

ती बोलली. किती वेळ ते कुणी बघितलं नाही. पहिल्या दृश्याबद्दल बोलली. कप्तानबाई नुसत्या उभ्या राहतात, त्या उभं राहण्याबद्दल बोलली. मालकीणबाईंनी दाखवलेल्या गोदामाबद्दल बोलली. आणि शेवटाबद्दल म्हणाली, "अडखळणं आणि हि-हिंमत एकाच तोंडात राहतात. एकाला ये... येण्यासाठी दुसऱ्याला जा-जावं लागत नाही. त्यांनी त्या बाईला गलबत वा... वाचवू द्यायला हवं होतं. ति... तिच्या तोंडानं."

टाळ्या सुरू होणार, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक किडकिडीत माणूस उभा राहिला. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली, धंद्यानं शिंपी. कट्ट्यावर तो कधी लिहायचा नाही, फक्त वाचायचा.

"मा... मा... माझं जरा वे-वेगळं आहे," तो म्हणाला.

ठकूचा माईक खाली आला. आपल्यासारखं बोलणारा दुसरा माणूस समोर उभा राहून बोलतोय, हे तिच्याही आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"मला शे-शेवट आवडला," शिंपी म्हणाला. "खो... खोटा आहे, मला क-कळतं. पण गो... गोष्टीत उडणारा मा-माणूस बघतो, तेव्हा मी म्हणत नाही की मला प... पंख नाहीत, हा मा-माझा अपमान आहे. दोन मि-मिनिटं मी पण उडतो. का... काय बिघडलं?"

काही जणांनी माना डोलावल्या. गोष्ट बरोबर होती. ठकूलाही ती बरोबर वाटली, आणि म्हणूनच उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला.

"उ-उडणाऱ्या माणसाची गोष्ट ब... बघून," ती म्हणाली, "तुमच्या घ-घरी कुणी विचारत नाही, 'तू क... क... कधी उडणार?'"

मागच्या रांगेत बाबांनी मान खाली घातली.

शिंपी विचारात पडला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "मा... माझी सा... सा... सासू विचारते," तो म्हणाला, आणि सभागृह कोसळलं.

पण वाद तिथं मिटला नाही. शिंपी आपला मुद्दा सोडेना, ठकू आपला सोडेना. तो म्हणे, लोकांना गोडवा लागतो, कडू औषधालाही साखरेचं आवरण असतं. ती म्हणे, आवरण असू दे, आत गोळी तरी आपली हवी. दोघंही अडखळत, थांबत, पुन्हा सुरुवात करत, एकमेकांचं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेत भांडत होती. खलाशांच्या माना इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होत्या. तांडेल बिस्किटांचं खोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि वाटायचं विसरला होता. दोघं दमून थांबली तेव्हा शिंपी म्हणाला, "तु-तुमचं अर्धं प... पटलं." ठकू म्हणाली, "तुमचं पा... पाऊण." मग टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या.

तांडेल उठून उभा राहिला. "मी पाव जाळून रडलो," तो म्हणाला, "आता मला कसंतरीच व्हायला लागलंय."

"र-रडा की," ठकू म्हणाली. "पण पहिल्या दृ... दृश्याला रडा."

परतताना बापलेक चालतच निघाली. रस्त्यावरची दुकानं अजून उघडी होती, एक माणूस शटरला तेल घालत होता आणि बाबांनी त्याच्याकडे समाधानानं बघितलं. मग म्हणाले, "मी लिफ्टवाला माणूस, ठकू. अडकलं म्हणजे सोडवायचं, एवढंच मला येतं. तुझ्या बाबतीतही मी आयुष्यभर पाना घेऊनच उभा राहिलो."

"मी अ-अडकलेली नाही, बाबा. मी पो... पोचते. वेळ ला-लागतो."

"जिन्यानं येतेस," बाबा म्हणाले.

"हो. जि-जिन्यानं."

"जिना बरा," बाबा म्हणाले. "बंद पडत नाही." आणि मग नजर रस्त्यावर ठेवून म्हणाले, "त्या शिंप्याला चांगलं धरलंस. शेजारचा मला विचारत होता, कोण हो ही बाई? मी म्हटलं, माझी मुलगी आहे. तीनदा सांगितलं त्याला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंही नव्हतं."

ठकूनं त्यांच्या हाताला हात अडकवला, आणि दोघं घरी आली.

कल्पना काढली तांडेलानं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यानं लिहिलं, 'शेवटचं दृश्य आपणच पुन्हा करू. चित्र नको, नुसता आवाज. संदेशक चिमटा. लिहायचंही तिनंच.' ठकूनं अट घातली, ठाण्यावरचा पहारेकरी शिंपी करेल तरच. शिंप्यानं अट घातली, पहारेकऱ्याला शेवटी माघार घ्यावी लागणार असेल तर निदान त्याचा एक मुद्दा तरी बरोबर असला पाहिजे. त्यावर दोघांचं आणखी एक भांडण झालं, आणि त्या भांडणातूनच दृश्य चांगलं उतरलं.

ध्वनिमुद्रण बेकरीच्या कोठारात झालं. दुपारी भट्ट्या निवलेल्या असतात, आणि पिठाच्या पोत्यांमुळे आवाज घुमत नाही असा तांडेलाला शोध लागला होता. कप्तानबाईंच्या भूमिकेत होती तीच खलाशी, जिनं ठकूला 'बोलू द्या ना' असं लिहिलं होतं. तिनं आल्याबरोबर माफी मागितली, ठकू म्हणाली, "स-सल्ला बरोबर होता." ठकूनं लिहिलेल्या दृश्यात कप्तानबाई "घाबरू नकोस" म्हणत नव्हत्या. त्या एवढंच म्हणत, "ठाणं तुझं. बोल." आणि मग तोफा वळलेल्या असताना संदेशक बोलत होती, तिच्या पद्धतीनं, प्रत्येक शब्दाला त्याचा वेळ देत. पलीकडून पहारेकरी विचारत होता, "तु... तुम्ही को... कोण?" संदेशक चमकून गप्प व्हायची. त्या अफाट काळोखात पलीकडचा माणूसही आपल्यासारखाच बोलतोय! ते गप्प होणं ठकूनं कागदावर लिहिलं नव्हतं. ते तिथं, पोत्यांमध्ये, आपोआप झालं.

ते दृश्य कट्ट्यावर गेलं, कट्ट्यावरून बाहेर गेलं, आणि कुठं कुठं पोचलं ते तांडेलालाही सांगता येईना. मूळ शेवट आवडणारे होते त्यांना तो आवडतच राहिला. काहींनी टवाळी केली, 'एवढ्या वेळात तीन ग्रह उडवून झाले असते.' त्याला शिंप्यानं, जो आजवर कधी लिहायचा नाही, उत्तर दिलं, 'पहारेकरी मी होतो. मला घाई नव्हती.' कुठूनशा एका अनोळखी बाईनं लिहिलं की मी शाळेत शिकवते, वर्गासमोर अशीच बोलते, आज स्टाफरूममध्ये सगळ्यांना हे ऐकवलं आणि सांगितलं, ऐका, ही मी. ठकूनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मालिका बनवणाऱ्यांकडून काही आलं नाही. पण संदेशकाचं काम करणाऱ्या नटीनं आपल्या पानावर ते दृश्य लावलं आणि खाली लिहिलं, 'हे मला आधी ऐकायला मिळालं असतं तर.' कट्ट्यावर त्या दिवशी नुसता धुमाकूळ.

दुकानात मालकीणबाईंनी ते काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकांना ऐकवलं. "आमची बाई आहे ही," त्या सांगायच्या, जणू गोदामाची गोष्ट कधी निघालीच नव्हती. ठकूनंही ती काढली नाही.

आणि बाबा? बाबांनी आत्याला फोन केला. आवाज अंतराप्रमाणे चढलेला. "ऐकलंस का? संपूर्ण ऐकलंस? मग पुन्हा ऐक! नाही, जीभबीभ काही सुटली नाही. कशाला सुटायला हवी? अगं, तोफा थांबवल्या तिनं!"

खलाशांनी पुढच्या भागाचा लकडा लावला तेव्हा ठकूनं नवं दृश्य लिहायला घेतलं. या खेपेला संदेशक जरा तापट दाखवायची, वरिष्ठांना उलट बोलणारी. सतत चांगलं वागून ती कंटाळली असेल असं ठकूचं मत होतं. ती लिहीत असताना बाबा दोनदा खोलीत येऊन गेले. तिसऱ्यांदा येऊन खुर्चीत बसलेच.

"या गलबतावर," त्यांनी घसा साफ करत विचारलं, "दारांची देखभाल कुणाकडे आहे?"

ठकूनं पेन खाली ठेवलं. "जा... जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "पण भांडखोर माणूस हवाय. आणि सं... संदेशकाच्या हाताखाली का-काम करावं लागेल."

"चालेल," बाबा म्हणाले, आणि आपली वाक्यं कोणती ते बघायला त्यांनी खुर्ची पुढे ओढली.